पिशवी रिकामी राहावी म्हणून

इथे इंग्लंडात, बेसिंगस्टोकला ऑक्टोबर आला हे मला वासावरून कळतं. सहा महिने बंद असलेले, घर तापवणारे रेडिएटर पहिल्यांदा चालू केले की त्यांच्यावरची धूळ भाजते आणि घरभर जुनाट, करपट वास भरून राहतो. बाहेर बिझनेस पार्कच्या रस्त्यावरची झाडं पिवळी पडलेली असतात, संध्याकाळ रोज थोडी थोडी लवकर येत असते. या वासाने दुसऱ्या कुणाला काय वाटतं कोण जाणे, माझ्या तोंडाला कोरड पडते. खरंच पडते. मी उठून ग्लासभर पाणी पिते आणि मग कॅलेंडर बघते. नवरात्र आलेलं असतं.

परवा घटस्थापना. आणि काल दुपारी साताऱ्याहून दिराचा, मिलिंदचा फोन आला. "वहिनी, आईची शुगर फार वर-खाली होतेय. डॉक्टरांनी उपवास साफ बंद सांगितलेत. बाकीचं ती ऐकते, पण शेवटचे तीन दिवस सोडायला तयार नाही. ते नीलिमाचे आहेत म्हणते. आता तुम्हीच सांगा तिला, आमचं काही ऐकत नाही ती."

ते तीन दिवस माझे आहेत, हे खरं आहे. पाच वर्षांपूर्वी माझे नवरात्राचे उपवास सहाव्या माळेला मोडले आणि उरलेले तीन दिवस माझ्या सासूबाईंनी माझ्या नावाने पुरे केले. तेव्हापासून दरवर्षी करतात. नुसत्या पाण्यावर, फळसुद्धा नाही. आता त्यांची पंच्याहत्तरी उलटून गेली आहे. त्यांना थांबवायचं तर एकच गोष्ट सांगावी लागेल, की आई, मी तेव्हा उपवास केलेच नव्हते. भारतात फोन करायचं प्रीपेड कार्ड समोर टेबलावर आहे. धीर होत नाही म्हणून हे लिहीत बसले आहे.

त्या वर्षी जुलैच्या शेवटी माझं मोठं आतडं काढून टाकलं. आठ वर्षं छळलं होतं त्याने. रक्त काय, कळा काय, घरापासून ऑफिसपर्यंतची एकूण एक टॉयलेट तोंडपाठ झाली होती. त्यामुळे ते गेलं याचं दुःख नव्हतं. पण त्याचं काम कुणीतरी करायला हवं ना. लहान आतड्याचं टोक पोटाला भोक पाडून बेंबीच्या उजवीकडे बाहेर आणलं आणि त्यावर पिशवी चिकटवली. याला म्हणायचं स्टोमा. हे आता जन्मभर असंच, असं सर्जनने खुर्ची पलंगाजवळ ओढून घेत सांगितलं. इथले डॉक्टर खुर्ची जवळ ओढायला लागले की ओळखावं, आता बदलता न येणारं काहीतरी ऐकायचं आहे.

मॉरीन नावाची स्टोमा नर्स होती, पन्नाशीची, गोड बोलणारी. तिने चादर बाजूला केली आणि म्हणाली, "लुक, लाइक अ लिटल रोझबड." गुलाबाची कळी म्हणे! मला तर खोडकर पोराने जीभ काढून दाखवावी तसं वाटलं. लालभडक, ओलं, आणि मधूनच आपलं आपण हलणारं. हात लावला तर मला काही कळत नव्हतं. काही लोक त्याला नाव ठेवतात, म्हणजे मग सवय होते, असंही ती म्हणाली. कप्पाळ! आमच्यात बारशाला घुगऱ्या वाटतात, आत्या कानात कुर्र करते. याच्या कानात कोण कुर्र करणार?

सगळं शिकवलं तिने. पिशवी कशी उपटायची, कातडी कशी पुसायची, भोक मापाने कसं कापायचं, नवी कशी दाबून बसवायची. मी मान डोलवत होते. परीक्षेला बसल्यासारखी प्रत्येक पायरी पाठ केली. पण कसलं काय, जे मला हवं होतं ते तिच्या कुठल्याच पानावर नव्हतं. दोन वर्षांचं मूल जे शिकतं, आणि शिकल्यावर घरभर ज्याचं कौतुक होतं, ते माझ्याकडून काढून घेतलं होतं. कधी, कुठे, किती, यातलं काहीही मला विचारलं जात नव्हतं. जेवायला बसले की चौथ्या घासाला पोटावर कोमट काहीतरी उतरायला लागायचं. माझी आई गेली त्याला दहा वर्षं झाली होती. त्या ऑगस्टमध्ये मला तिची इतकी आठवण आली की लाज वाटावी. पस्तिशीतली बाई, टेस्टिंग टीमची लीड, आणि संडासासमोर गुडघ्यांवर बसून आईला हाका मारते आहे.

सुहास, माझा नवरा, काही कमी करत होता असं नाही. कुकर लावायचा, सईला शाळेत सोडायचा, माझ्या गोळ्यांच्या वेळा फ्रिजवर लिहून ठेवायचा. पण मी पिशवी बदलायच्या सामानाचा डबा हातात घेतला रे घेतला की तो म्हणायचा, "मी जरा कचरा टाकून येतो." आमच्या घरात तेव्हा दिवसातून तीनदा कचरा बाहेर जायचा. मी त्याला कधी काही बोलले नाही. मलाच बघवत नव्हतं, त्याने काय म्हणून बघावं?

सई सहा वर्षांची होती, तिला मात्र कशाचंच काही नव्हतं. सोफ्यावर माझ्या शेजारी बसून कार्टून बघता बघता ती एकदम म्हणायची, "आई, तुझा पिशवी बोलला." आणि मग पुन्हा टीव्हीकडे. तिचं मराठी असंच, अर्धं शाळेतून गळून आलेलं. तिचं हसू यायचं आणि पाठोपाठ डोळे भरायचे. बोलत होतीच ती पिशवी. गुरगुरायची, फुसफुसायची, भर शांततेत.

पिशवी बदलताना गळती थांबावी म्हणून आधी दोन मार्शमेलो, त्या मऊ गोड वड्या, खा, असा मॉरीनचा उपाय होता. सुहासने मोठं पाकीट आणलं. मागे वाचलं तर जिलेटिन. म्हणजे जनावराची हाडं. झालं! आली का पंचाईत? मॉरीनला सांगितलं तर ती बिचारी इतकी ओशाळली की मीच तिला इट्स ओके, इट्स ओके म्हणत बसले. मग मीच प्रयोग केले. भात, केळं, बटाटा. सगळ्यात गुणकारी निघाला साबुदाणा. कूट न घालता, नुसती मऊ खिचडी. ती खाल्ली की दोन-तीन तास पिशवी गप्प राहायची. मला वाटलं, जिंकले बाई. तिथूनच डोक्यात तो किडा शिरला.

सप्टेंबरच्या शेवटी ऑफिसने मीटिंगला बोलावलं. कामावर परत कधी, कसं, एवढंच ठरवायचं होतं. वर्क परमिट माझ्या नावावर होतं. सुहास माझा डिपेंडंट म्हणून आलेला, त्याला तोवर धड नोकरी मिळाली नव्हती. माझी खुर्ची गेली तर तिघांनाही गाशा गुंडाळून परत जावं लागणार, हे आम्ही दोघंही एकमेकांना न सांगता रोज मनात घोळवत होतो. कीथ, माझा मॅनेजर, चांगला माणूस. त्याने खास बिस्किटं मागवली होती. मी एक खाल्लं, नाही कसं म्हणणार? दहा मिनिटांत ट्राउझरच्या आत पिशवी फुगायला लागली, भाकरी फुगते तशी. मग आवाज. कीथने खिडकीबाहेर बघत पावसाबद्दल काहीतरी काढलं. एचआरची मुलगी कागद चाळायला लागली. आणि मग कडेने काहीतरी ओलं सुटल्याचं मला कळलं.

अपंगांच्या टॉयलेटची किल्ली रिसेप्शनवर मागायची असते. तिथल्या बाईने मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं आणि सौम्यपणे विचारलं, "इज इट फॉर यू?" हो गं बाई, माझ्यासाठीच. कोट पोटाशी आवळून मी तिथे उभी होते आणि माझ्या अंगाला येणारा वास मला येत होता, म्हणजे तिलाही येत असणार. आत जाऊन दार लावलं आणि किती तरी वेळ नुसती उभीच राहिले. काय पुसायचं, कुठून सुरुवात करायची, काही सुचेना. शिकवलेल्या सगळ्या पायऱ्या पुसल्या गेल्या होत्या.

पुढच्या सोमवारपासून कामावर यायचं ठरलं. तो सोमवार घटस्थापनेचा होता.

मी काही फार देव देव करणारी नव्हे. लग्नानंतर सासरची रीत म्हणून उठता-बसता, म्हणजे पहिल्या आणि शेवटच्या दिवशी, उपवास करायची, तोही खिचडी-वऱ्याचे तांदूळ चापून. पण आपल्या माणसांत एक आहे. जेवत नाही म्हटलं की दहा जण विचारतात, बरं नाही का, राग आला का, काय झालं? आणि उपवास आहे म्हटलं की प्रश्नच संपतो. वर कौतुक होतं. मी सुहासला म्हटलं, "यंदा नऊही दिवस करणार आहे. कडक. एवढ्यातून वाचले, देवीचं काहीतरी करायला हवं." त्याचे डोळे पाण्याने भरले. मला त्याच क्षणी जीभ चावून टाकावीशी वाटली, पण बोलून गेले होते. खरं इतकंच होतं की आत काही गेलं नाही तर बाहेर काही येणार नाही, पिशवी रिकामी राहील, आणि मी आठ तास माणसांत बसू शकेन.

सुहासने त्याच संध्याकाळी साताऱ्याला फोन लावला. आईंचा आवाज गहिवरलेला. "अगं नीलिमा, पोट कापलेलं असताना नेम धरलास? आमच्या वेळीसुद्धा एवढं कुणी केलं नाही. देवी तुला काही कमी पडू देणार नाही बघ." मी हो हो म्हणत होते. झाकली मूठ सव्वा लाखाची, दुसरं काय.

पहिले दोन दिवस खरंच साधलं. पिशवी चपटी. मी मीटिंगमध्ये बसले, बोलले, एकदा तर हसलेसुद्धा. कीथने सगळ्यांना आधीच सांगून ठेवलं होतं की नीलिमाचा धार्मिक उपवास आहे, तिच्यासमोर खाऊ नका. ते गोरे लोक बिचारे सँडविच घेऊन दुसऱ्या मजल्यावर जात होते! मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. तिसऱ्या दिवसापासून आतून नुसतं हिरवट पाणी यायला लागलं, न खाताच. म्हणून मी पाणीसुद्धा तोडलं. मॉरीनने हजारदा बजावलं होतं, मीठ खा, पाणी पी, मोठं आतडं नाही तर शरीर पाणी धरून ठेवत नाही. कळत होतं हो मला. मूर्ख नव्हते. पण ओठ फुटले, पायांत गोळे येऊ लागले, तरी पिशवी चपटी आहे ना, एवढंच मी दर तासाला चाचपून बघत होते.

शनिवारी, सहाव्या माळेला, वृषालीकडे भोंडला होता. वृषाली म्हणजे आमची इथली मैत्रीण, नागपूरची, तिच्या हॉलमधलं फर्निचर भिंतीला लावून मध्ये पाटावर हत्तीचं चित्र ठेवलं होतं. भर दुपारी पंधरा-वीस बायका, रेशमी साड्या आणि पायांत लोकरीचे मोजे. मी पंजाबी ड्रेस सैल घालून गेले, कारण परकराची नाडी नेमकी स्टोमावर येते. हे ऑपरेशनच्या आधी सुचायला हवं होतं. मॉरीनने पोटावर स्टोमाच्या जागी पेनने खूण करताना विचारलं होतं, कमरेचा पट्टा इथे चालेल ना? मी म्हटलं, चालेल. आपल्याला सगळंच चालतं.

"अय्या, उपवासाने काय तेज आलंय हिच्या चेहऱ्यावर!" एकीने म्हटलं. "आणि किती बारीक झालीस गं, आम्हालाही सांग ना गुपित." वृषालीने मला हाताला धरून फेरात ओढलं. गाणी सुरू झाली, फेर फिरायला लागला, आणि मला हत्ती एकदा उजवीकडे, एकदा डावीकडे दिसायला लागला. मग तो छतावर गेला. शेवटचं आठवतं ते वृषालीचं ओरडणं, "हिला पाणी द्या कुणीतरी," आणि दुसऱ्या कुणाचा तरी आवाज, "नको नको, तिचा कडक उपवास आहे!"

दुसऱ्या दिवशी सकाळी हॉस्पिटलमध्ये जाग आली तेव्हा दोन्ही हातांना सलाईन होतं. डॉक्टर म्हणाली, आणखी दोन दिवस असंच चाललं असतं तर किडन्यांचं काही सांगता आलं नसतं. सुहास शेजारी बसला होता, रात्रभराचे कपडे, दाढी वाढलेली. "आईला पहाटेच फोन केला," तो म्हणाला. "ती म्हणाली, काळजी करू नका, राहिलेले तीन दिवस मी करते तिच्या नावाने. आजपासून धरलेतसुद्धा तिने."

तेवढ्यात नाश्त्याची गाडी घेऊन एक नर्स आली. माझ्यापुढे टोस्ट ठेवला, बटर लावलेला. आणि सुहास उठून उभा राहिला. जन्मात कुणाशी आवाज चढवून बोललेला नाही हा माणूस, बँकेत रांग मोडली तरी गप्प बसणारा. तो त्या नर्सला म्हणाला, "नो. शी इज फास्टिंग. इट इज फॉर अवर गॉडेस. यू मस्ट रिस्पेक्ट." नर्स म्हणाली, तिला खायलाच हवं. तो म्हणाला, मग फळ द्या, ब्रेड नको. ती म्हणाली, सर, प्लीज. तो माझ्या आणि त्या टोस्टच्या मध्ये उभा होता, हात पसरून. माझ्या खोटेपणाची राखण करत.

मी सलाईनचा हात लांब करून टोस्ट उचलला आणि खाल्ला. पूर्ण खाल्ला, कडांसकट. तो वळून बघत राहिला.

"अगं, सातवी माळ आहे," तो म्हणाला.

"उपवास नव्हताच रे माझा. एकही दिवस नव्हता. पिशवी भरू नये म्हणून जेवत नव्हते."

तो खाली बसला. थोड्या वेळाने पिशवी बोलायला लागली, नेहमीसारखी, आणि मी वाट बघत होते की तो आता कचरा टाकायला उठेल. पण तिथे कचरा नव्हता. तो ढसाढसा रडला, आणि मला त्याच्या पाठीवर हात ठेवता येईना, कारण नळ्या तिथवर पुरत नव्हत्या.

नोकरी राहिली. कीथने आणखी सहा आठवडे दिले, नंतर काही दिवस घरून काम. आता मी ऑफिसात सगळ्यांबरोबर जेवते, किल्ली माझ्या ड्रॉवरमध्ये असते, आणि आवाज झाला तर मी सॉरीसुद्धा म्हणत नाही. पिशवीशी जमलं, असं मी म्हणणार नाही. शेजाऱ्याशी जमतं तसं, भिंत एकच म्हणून.

पण आईंना सांगायचं राहिलं. सुहास म्हणाला, "राहू दे गं, तीन दिवसांचा तर प्रश्न." पुढच्या वर्षी त्यांचाच फोन आला: "तुझे तीन दिवस यंदाही धरलेत हो. बघ, लागू पडलंय, वर्षभरात हॉस्पिटलची पायरी चढली नाहीस." मी हो हो म्हटलं. मग त्याच्या पुढच्या वर्षी तेच. दरवर्षी सातव्या माळेला मी इथे जेवायला बसते आणि घास तोंडात फिरत राहतो. करायचं आपण आणि भरायचं दुसऱ्याने.

इथवर लिहिलं आणि पेन ठेवून फोन केला. आता लिहिते आहे ते फोन झाल्यावरचं.

"बोल गं," आई म्हणाल्या. "मिलिंदने चुगली केली ना?"

"आई, मला काहीतरी सांगायचंय. सगळं होईपर्यंत मध्ये बोलू नका."

आणि सांगितलं. बिस्किट, रिसेप्शनवरची किल्ली, देवीचं नाव मी कशाला घेतलं ते, पाणी का तोडलं ते. पाच वर्षांत पहिल्यांदाच माझ्या सासूला मी 'संडास' हा शब्द ऐकवला. मागे त्यांच्या घरातली भांडी वाजत होती.

"म्हणजे पहिले सहा दिवससुद्धा देवीचे नव्हते?" त्यांनी विचारलं.

"नव्हते, आई. एकही नव्हता. म्हणून म्हणते, तुम्ही पुरं करावं असं काही नाहीच. तुम्ही जेवा. गोळ्या घ्या, जेवा. मला माफ करा."

मग त्या म्हणाल्या, आणि आवाजात राग नव्हता, रागावल्या असत्या तर बरं झालं असतं, "एवढीशी पोर, परक्या मुलखात, सहा दिवस अन्नपाण्यावाचून राहिली, आणि ते देवीपर्यंत पोचलंच नाही? एवढे हाल फुकट गेले गं तुझे. आणि मी वेडी नुसते तीनच धरत बसले."

"आई, नाही, ऐका —"

"आता नऊच्या नऊ धरायला हवेत."

मी रडले, ओरडले, डॉक्टरांचं नाव घेतलं, सईची शप्पथ घातली. सुहासच्या हातात फोन दिला, तो आई, आई एवढंच म्हणत राहिला आणि फोन परत माझ्याकडे आला. साताऱ्यातल्या एका स्वयंपाकघरात उभ्या असलेल्या त्या बाईला मी इथून हात धरून पाटावर बसवू शकत नव्हते.

"तू काही मनाला लावून घेऊ नकोस," त्या म्हणाल्या. "इथलं मी बघते. तू आपली वेळच्या वेळी पोटभर जेवत जा. आज जेवलीस का?"

"जेवले," मी म्हटलं. खरंच जेवले होते.